जुना नट जमा करा

थेंब तसा लहानच होता. आप्पासो हवालदारांच्या निळ्या गाडीच्या पोटाखाली तो आधी नुसता फुगायचा, मग जावं का राहावं असा विचार केल्यासारखा थांबायचा, आणि मग कुठं टपकन खालच्या डालड्याच्या डब्यात पडायचा. रोज सकाळी डबा रिकामा करून परत जागेवर सरकवला, की दिवसभराची काळजी मिटली. कोरेगावच्या जोतिबा मिस्त्रीनं गाडीखाली वाकून बघितलं होतं आणि स्वच्छ सांगितलं होतं, "तेलाच्या चेंबरला काय झाल्यालं न्हाई. खालच्या नटाचं आटं झिजल्यात. ह्यो नवा नट घ्या, घरात ठिवा. मी उद्या शिराळ्याला भनीला आणाय चाललोय. पंचमी झाली की गाडी घिऊन या, धा मिनिटात बसवून देतो."

"आनी तवर पाटणला जाऊन आलो तर?"

"पाटणला जावा न्हाईतर काशीला जावा. एका थेंबानं काय हुतंय?"

इथं आप्पासोंनी 'बरं' म्हणायला हवं होतं. ते म्हणालेही. पण घरी येईपर्यंत त्यांच्या मनात आलं, की थेंबानं गाडीला काही होणार नाही, पण थेंब पडणार कुठं? नाथाजीदाजींच्या अंगणात!

आता दाजी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आप्पासोंची थोरली बहीण बनुआक्का पाटणजवळ दिली आहे. दाजी तिचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. तीस वर्षं दर पंचमीला आप्पासो मुराळी होऊन एसटीनं आक्काला माहेरी आणायला जात, आणि तीस वर्षं दाजी दारातच विचारत, "काय पावणं, गाडी कुठं लावली?" तीन महिन्यांपूर्वी आप्पासोंनी ही गाडी घेतली. जुनी, पण गाडी. आक्कानं ही बातमी जावांपासून पिठाच्या गिरणीपर्यंत पोचवली. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात, तो आक्का धरायचीच. औंदा तिनं वर आणखी एक गाठ मारली. फोनवर म्हणाली, "आप्पा, तू गाडीतनं उतरल्याबिगार मी चहाचा घोट घेनार न्हाई बघ."

मागून दाजींचा आवाज आला, "आनी पावण्याला सांग, अंगणात नवी फरशी बसवलीया. पांढरी हाय!"

दाजींना थेंबाची बातमी कुठून लागली होती, देव जाणे. (आमच्याकडं असल्या बातम्यांना एसटी लागत नाही.)

तर उपासाच्या दिवशी सकाळी सात वाजता आप्पासोंनी ठरवलं, की नट आपणच बसवायचा. मिस्त्री शिराळ्याला गेला असला म्हणून काय झालं? आप्पासो सतरा वर्षं मिलिटरीत होते आणि त्या सतरा वर्षांत लाखभर नट त्यांच्या हाताखालून गेले, ही गोष्ट अगदी खरी. फक्त ते टेबलावरून गेले. आप्पासो स्टोअरला होते. जवान झिजलेला नट आणून टाकणार, आप्पासो तो जमा करून घेणार, सही घेणार, मग नवा देणार. पुढं तो नट कुठं बसतो हे बघायची त्यांना कधी वेळ आली नव्हती.

पेन्शनीवर आल्यावर त्यांनी घरातही तोच कायदा लावला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'जुने जमा करा, मगच नवे मिळेल.' खराटा असो, चाळण असो, नाहीतर चिमटा असो. मागच्या वर्षी त्यांच्या बायकोचा, अंबूबाईंचा, खराटा म्हशीनं खाल्ला. नवा मागितला तर हवालदार म्हणाले, जुना दाखव. बिचाऱ्या अंबूबाई दोन दिवस म्हशीमागं फिरल्या आणि शेवटी खराट्याच्या दोन काड्या आणून टाकल्या. तेवढ्यानंही भागलं नाही. 'वस्तू हरवल्याचा जबाब' लिहून द्यावा लागला. त्यात हवालदारांनी सांगून घातलेलं वाक्य होतं, 'सदर नुकसान माझ्या हलगर्जीपणामुळे झाले.'

अंबूबाईंनी तेव्हा गुपचूप सही केली. पण त्या बाईचा गप्प बसणं हा स्वभाव नाही, वेळ बघणं हा आहे.

त्या दिवशी सकाळी आप्पासोंनी नवा नट त्यांच्या हातात दिला. "हे बघ, ह्यो तुझ्या ताब्यात. जुना आणून दिल्याबिगार मला द्यायचा न्हाई. मी मागितला तरी न्हाई. कामात शिस्त पायजे."

"देत न्हाई," अंबूबाई म्हणाल्या, आणि नट पदराच्या टोकाला बांधून टाकला.

गाडीखाली शिरायचं कसं, हा प्रश्न आप्पासोंनी शेतकऱ्याच्या डोक्यानं सोडवला. घरामागून उसाला पाणी न्यायचा पाट जातो, चांगला गुडघाभर खोल. त्याच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून गाडी उभी केली. पाटाच्या ओलीवर खताची रिकामी पोती अंथरली. मग सतरा नंबरचा पाना, घमेलं आणि खिशात फोन घेऊन हवालदार पाटात उताणे निजले. वर गाडीचं पोट, कडेला सळसळता ऊस. मोठी गार जागा होती. तिथं जरा डोळा लागला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं.

नट हलेना. अर्धा तास जोर लावल्यावर अंबूबाईंनी वाकून विचारलं, "आवं, तुमी सोडताय का आवळताय?"

"उताणं निजल्यावर उजवं-डावं फिरतंय, कळलं का?"

"मला कळलं. नटाला कळलंय का बघा."

आप्पासोंनी पाना उलटा फिरवला, आणि नट असा सुटला, जणू सकाळपासून त्याचीच वाट बघत होता. घमेलं अजून पायापाशी होतं. पहिलं भांडंभर तेल हवालदारांच्या डोक्यावर पडलं. काळंभोर, कोमट. घाईघाईनं त्यांनी घमेलं पुढं ओढलं, नट उशाशी पोत्यावर ठेवला, डोळे पुसले, तेवढ्यात फोन वाजला.

"आप्पा, निघालास का रं?"

खरं सांगितलं असतं तरी आक्का रागावली नसती. पण मागं दाजी खाकरले, आणि आप्पासोंच्या तोंडून निघून गेलं, "निघालो म्हणजे काय आक्का, लय फुडं आलोय."

आता इकडची गोष्ट अशी, की शेतीची लाईट आठवडाभर रात्रीची होती, ती आजपासून दिवसा, दहाला यायची होती. आठ दिवस पावसानं दडी मारलेली, म्हणून विहिरीवरची मोटर ऑटोवर टाकलेली. लाईट आली, की मोटर आपली आपण सुरू. हे सगळं वेळापत्रक मागच्या दारावर लिहून डकवलेलं होतं. हवालदारांच्याच अक्षरात. आणि दहाला आता एकच मिनिट होतं.

"आप्पा, आरं ह्यो पाण्याचा आवाज कसला यायलाय?"

आवाज आप्पासोंनाही आला. पायाकडून. पाठोपाठ पाणीही आलं.

"पूल हाय आक्का! कोयनेच्या पुलावर हाय मी!" असं ओरडून हवालदारांनी फोन उंच धरला. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं गाडीचा दांडा पकडलेला. पोती अंगाखालून निघाली. घमेलं तेलासकट अल्लद तरंगलं आणि पंचमीला माहेरी निघाल्यासारखं उसाकडं चाललं. अंबूबाईंनी पाटात उडी टाकून ते धरलं, काठावर ठेवलं आणि पळत जाऊन मोटर बंद केली. तेल सांडलं नाही, ऊस वाचला. हवालदारही वाचले. पण उशाशी ठेवलेला नट मात्र कुठल्या सरीत गेला, ते त्या पाण्यालाच ठाऊक.

पाणी निथळत, तेल ओघळत आप्पासो मागच्या दारात उभे राहिले. "दे. नवा दे लवकर."

अंबूबाई उंबऱ्यावर बसून वरी निवडत होत्या. त्यांचाही भावासाठी उपास होता. "जुना?"

"अगं तुझ्या डोळ्यादेखत व्हावून गेला की."

"मग हुडका. मी काय घाईत न्हाई."

"अंबू, चेष्टा नको. आक्का वाट बघतीया."

"चेष्टा कोन करतंय? 'मी मागितला तरी द्यायचा न्हाई' हे कुणाचं बोल? म्हशीनं खाल्लेला खराटा जमा करायला मला शेणात बघत फिरवलं तुमी. नट तर नुसता चिखलात हाय."

आप्पासो उसात शिरले. सऱ्यांची विभागणी केली, खुणेला चिंध्या बांधल्या, ओळीनं चिखल चाचपत गेले. चार तासांत विळा सापडला, हरवलेली चप्पल सापडली, अंबूबाईंची मागच्या वर्षीची चाळणही सापडली. नट नाही. तेवढ्या वेळात फोन तीनदा वाजला. दोनदा त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

आक्का म्हणाली, "आप्पा, पुलावरनं घर धा मिनिटावर हाय रं. मी दारातच हुबी हाय. चुकलास काय? का गाडीला काय झालं?"

आवाज उपाशी होता. साठी उलटलेली बहीण, पोटात सकाळपासून चहाही नाही, पिशवी भरून दारात उभी. आणि कशासाठी, तर भाऊ पुलावर आहे म्हणून.

"आक्का, तू च्या घे बरं. मी येतो."

"तू आल्यावर घेनार म्हणलंय न्हवं?" एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

हवालदार उसातून बाहेर आले ते थेट उंबऱ्याशी. सतरा वर्षांत ज्यांनी कुणाला सूट दिली नाही, ते मान खाली घालून म्हणाले, "जबाब लिवून दिला तर चालंल?"

अंबूबाईंनी आतून वही आणली. पेन हातात दिला आणि स्वतः सांगू लागल्या, "लिवा. एक नग नट. पाटात व्हावून गेला. सदर नुकसान..."

"पाण्यामुळं झालं," आप्पासो पुटपुटले.

"माझ्या हलगर्जीपणामुळं झालं."

लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. कागदावर तेलाचा अंगठाही आपोआप उमटला. अंबूबाईंनी कागद उजेडात धरून सावकाश वाचला, घडी घालून देवामागं ठेवला, मग पदराची गाठ सोडली.

"वन्सं उपाशी हायत म्हणून दिला. न्हाईतर दोन साक्षीदार मागणार हुते."

नट बसवायला दहा मिनिटं लागली. जोतिबा म्हणाला होता तेवढीच. नवं तेल ओतलं, गाडी सुरू करून पाच मिनिटं खाली बघत राहिले. कोरडी ठणठणीत! आप्पासोंची छाती पुन्हा हवालदाराची झाली. अंगावर दोन तांबे ओतून घेतले, पांढरा शर्ट चढवला.

"डोकं नीट धुवा की. सगळं तेल तसंच हाय केसात."

"टाईम न्हाई," म्हणत त्यांनी टोपी कानापर्यंत दाबली आणि गाडी काढली.

पाटणजवळ पोचायला पाच वाजले. आक्का खरोखरच दारात होती. गाडी पांढऱ्या फरशीवर येऊन थांबली, तशा दोन्ही जावा बाहेर आल्या. आक्कानं गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, नाकाला हळदी-कुंकू लावलं, सीटवर हात फिरवून बघितला आणि डोळ्याला पदर लावला.

दाजी मात्र गुडघ्यावर बसले होते. हातात बॅटरी. गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड टाकला. मग खुर्ची मागवून गाडीशेजारीच बसले आणि घड्याळाकडं बघत राहिले. दहा मिनिटं गेली. फरशी दुधासारखी पांढरी.

"पुलावरनं यायला सात तास लागलं," दाजी शेवटी म्हणाले, "पर गाडी घट्ट हाय. मानलं पावणं."

तीस वर्षांत पहिल्यांदा दाजींनी मानलं होतं! आप्पासोंना आभाळ ठेंगणं झालं. ते पुढं झाले, आणि रीतीप्रमाणं आक्काच्या पायाशी वाकले.

टप्.

पांढऱ्या फरशीवर एक काळा थेंब पडला. सगळ्यांनी गाडीखाली बघितलं. गाडी चार हात लांब होती. आप्पासो सरळ उभे राहिले. टोपीच्या कडेला आणखी एक थेंब आधी नुसता फुगला, जावं का राहावं असा विचार करत थांबला, आणि कानामागून ओघळून टपकन खाली आला.

आक्का तोंडाला पदर लावून हसत आत गेली आणि दिवसातला पहिला चहा तिनं उभ्यानंच प्यायला. दाजी शांतपणे उठले. परसात गेले, कुठूनसा एक डालड्याचा रिकामा डबा शोधून आणला, आप्पासोंना खुर्चीत बसवलं आणि डबा खुर्चीखाली बेतानं सरकवला.

"बसा आता निवांत," ते म्हणाले. "तुमचा नट पंचमी झाल्यावर बघू."