हेडक्लार्कना नक्की कशाची अ‍ॅलर्जी?

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, साहेबांच्या केबिनमध्ये साप्ताहिक बैठक ऐन रंगात असताना हेडक्लार्कचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला आणि ते फायलींसकट खाली कोसळले. इस्पितळात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचले. "अ‍ॅलर्जी आहे. कशाची ते शोधा," एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले.

शोधायला अख्खं ऑफिस कंबर कसून उभं राहिलं. "साहेबांचं अत्तर, दुसरं काय!" टायपिस्टबाई म्हणाल्या. "मला रोज मळमळतं." साहेबांनी नाक मुरडत अत्तर सोडलं. पुढच्या बुधवारी, पाचलाच, हेडक्लार्क पुन्हा आडवे. शिपाई म्हणाला, "गालिचाच तो! झाडून झाडून माझी कंबर मोडलीय." गालिचा गेला. तिसऱ्या बुधवारी तर हेडक्लार्कची शुद्धच गेली. तेव्हा कॅशियर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, मला वाटतं बैठकच त्यांना सोसत नाही." माणूस दगावला तर चौकशी लागेल, या धास्तीने साहेबांनी बैठक बंद केली.

इस्पितळात या वेळी नव्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "दुपारी काय खाल्लं होतं?"

"बुधवारी कॅन्टीनला मटण असतं. पण ते एक वाजता खाल्लं हो! आणि तीस वर्षं खातोय."

"मटणाची ही अ‍ॅलर्जी चार-पाच तासांनीच उठते. म्हणून तर सापडत नाही. गोचीड चावल्यावर ती जडते. मध्यंतरी गोचीड चावली होती का?"

हेडक्लार्कना आठवलं. ऑफिसच्या सहलीत साहेबांची टोपी उडाली, तेव्हा 'मी आणतो' म्हणत तेच लगबगीने झुडपात घुसले होते. पोटरी महिनाभर खाजत होती. रक्ततपासणीत डॉक्टरीणबाईंचा संशय खरा ठरला. मटण कायमचं बंद. इंजेक्शन कायम खिशात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही बातमी हर्षभराने ऑफिसात सांगितली.

"एकाच डॉक्टरवर कसं विसंबायचं?" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"गालिचा मी पुन्हा नाही अंथरणार," शिपायाने बजावलं.

कॅशियरनी ओठांवर बोट ठेवून केबिनकडे खुणावलं. एवढ्यात केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले.

"काय हो, लागला का छडा?"

हेडक्लार्कच्या डोळ्यांपुढे दर बुधवारचे ते अडीच तास आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली बैठकीची इतिवृत्तं उभी राहिली. त्यांनी घसा खाकरला.

"तपास चालू आहे साहेब. पण तोवर बैठकीचा धोका नको."