पर्समध्ये मावणारा लॅपटॉप

"लॅपटॉप मी घेणार आहे, तेव्हा निवडणार पण मीच. दुकानात कुणी मध्ये बोललं तर त्याला पायरीवर उभं करीन," असं आशालताबाईंनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं.

ऐकायला घरात दोनच माणसं होती. एक त्यांचे यजमान दिनानाथराव, जे लग्न झाल्यापासून पायरीवरच उभे होते. दुसरा थोरल्या बहिणीचा मुलगा कौस्तुभ. तो गोरेगावला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि जगातल्या कुठल्याही बटणाबद्दल शेवटचा शब्द आपला, अशी त्याची पक्की समजूत होती.

दोन हजार नऊ साल होतं. वसईत आशालताबाई 'अक्षता वधू-वर सूचक केंद्र' चालवायच्या, आणि तेही स्कूटीवर. मुलीचे आईबाप केंद्राची पायरी चढायला संकोचतात, म्हणून केंद्रच उचलून त्यांच्या ओटीवर न्यायचं, ही त्यांची पद्धत. आज आगाशी, उद्या निर्मळ, परवा अर्नाळा. पायाशी फोटोंच्या अल्बमांनी भरलेली गोणी. ती गोणी इतकी जड की एकदा उमराळ्याच्या वळणावर स्कूटी कलंडली आणि समाजातली सगळी उपवर मुलं नाल्यात गेली. बाईंनी ती एकेक करून वेचली, धुतली आणि गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. काही मुलांचे रंग त्यात कायमचे उडाले. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आता अल्बम बंद, लॅपटॉप सुरू.

अंबाडी रोडवर युजीनचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कौस्तुभनं तिथं जाताच एका चकचकीत, ऐसपैस लॅपटॉपवर हात ठेवला.

"मावशी, हा घे. पंधरा इंची स्क्रीन. चार जणांना एकदम दिसेल."

बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि पाटा ठेवावा तसा परत ठेवला. "हा घेऊन मी स्कूटीवर बसले तर मला कोण उचलणार?"

मग त्यांनी खांद्यावरची पर्स काढून काउंटरवर उपडी केली. छत्री, चष्म्याचं घर, हळदीकुंकवाची डबी, खोकल्याच्या गोळ्या, सगळं बाहेर. रिकामी पर्स युजीनपुढे सरकवून त्या म्हणाल्या, "यात मावेल असा दाखव. आणि बेतातला. मला घरं बांधायची नाहीत त्यातून."

युजीननं खालच्या कपाटातून एक छोटासा काळा लॅपटॉप काढला. दहा इंची. पर्समध्ये असा बसला, जणू पर्सच त्याच्या मापानं शिवलेली.

"मावशी, हे नेटबुक आहे," कौस्तुभ कळवळून म्हणाला. "यात सीडी लागत नाही."

"मी काय बँडवाली आहे?"

"स्क्रीन बघ केवढीशी."

"नवरामुलगा एकच दाखवायचा असतो. वरात नाही दाखवायची."

"बटणं तर बघ. बोट एका बटणावर ठेवलं की तीन दाबली जातात."

"तुझी बोटं तशी. माझी बोटं रांगोळी काढणारी आहेत," बाई म्हणाल्या, आणि युजीनला बिल करायला सांगितलं.

घरी दिनानाथरावांनी चष्मा लावून यंत्र न्याहाळलं. "छान आहे," ते म्हणाले. "आमची शाळेतली पाटी याच्यापेक्षा मोठी होती, पण हीही छान आहे."

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पाटी पडलं. कौस्तुभ त्याला खेळणं म्हणायचा. बाई मात्र नेहमी पूर्ण 'लॅपटॉप' म्हणायच्या, आणि तेही जरा मोठ्यानं.

पहिलं नवं स्थळ आलं ते विरारच्या मितेशचं. अंधेरीला बँकेत नोकरी, विरारला स्वतःचं घर, वागायला गरीब. फोटोसाठी त्याला घेऊन त्याची आई सुनंदाबाई आल्या. आशालताबाईंनी कॅमेरा रोखला आणि मितेश असा ताठ झाला, जणू त्याला चौकीत हजर केलंय. काही केल्या हसेना.

"कौस्तुभ, जरा त्याच्याशेजारी उभा राहा आणि काहीतरी बोल," बाई म्हणाल्या.

कौस्तुभनं काय सांगितलं देव जाणे, पण मितेश खुदकन हसला आणि बाईंनी बटण दाबलं. फोटो सुरेख आला. एवढंच की त्यात कौस्तुभही सुरेख आला होता.

"तुला कापून टाकायला हवं," बाई म्हणाल्या.

"काप की. त्या खेळण्यावर जमतंय का बघ."

झालं. आता कसं कापायचं हे याला विचारणं म्हणजे नाक घासणं. "राहू दे तसाच. लोकांना डोळे आहेत आणि मला तोंड आहे. कोण कुठला ते मी सांगीन," असं म्हणून बाईंनी विषय संपवला.

कौस्तुभ स्वतः लग्नाचा होता, पण अल्बममध्ये यायला त्यानं साफ नकार दिला होता. "माझं मी जमवीन. मला तुझ्या दुकानात मांडू नकोस," असं त्यानं मावशीला तोंडावर सांगितलं होतं. मावशीनंही ते मनाला लावून घेऊन त्याचा नाद सोडला होता.

पुढच्या आठवड्यात पर्स खांद्याला लावून बाई निर्मळला शत्रुघ्न राऊतांच्या ओटीवर पोचल्या. राऊतांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. मुलगी उन्नती, शिकलेली, नोकरी करणारी, आणि आतापर्यंत आलेलं प्रत्येक स्थळ शांतपणे नाकारणारी. तिची आजी बायजा पाटावर बसून कळ्या ओवत होती. बाईंनी पर्समधून लॅपटॉप काढला तसे तिचे हात थांबले.

"ह्या काय गो? डबा?"

"लॅपटॉप आहे, आजी."

"एवढासाच? वाढल का अजून?"

बाईंनी तिकडे दुर्लक्ष करून फोटो उघडला. सगळे पुढे वाकले.

"दोघं हायत," आजी म्हणाली. "पन पोरं हायत का मुंग्या, ता कलत नाय."

"थांबा, मोठं करते." बाईंनी अधिकचं बटण दाबलं. मग परत दाबलं. मग, कौस्तुभ नसतानाही कौस्तुभला दाखवायचं म्हणून, आणखी दाबलं. मग आरतीचं तबक धरावं तसा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला, स्क्रीन त्या मंडळींकडे फिरवली आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या.

"हां, आता दिसला," शत्रुघ्नराव म्हणाले.

झाकणाच्या मागून बाईंनी सुरुवात केली. "नाव मितेश. बँकेत आहे. कसलं व्यसन नाही. रोज दाढी करणारा, गोरा, नीटनेटका मुलगा."

"दाढी हाय की," आजी म्हणाली.

"सावली असेल. ओटीवरचा उजेड तिरका येतोय."

"चष्मा पन हाय."

बाई क्षणभर चपापल्या. मितेशला चष्मा नव्हता. पण लगेच त्यांनी सावरलं. "फोटोपुरता लावतात हल्ली. पद्धत आहे तशी."

"तुम्ही रंग गोरा म्हणालात, आशाताई," शत्रुघ्नराव म्हणाले. "हा जरा सावळा वाटतो."

"लहान स्क्रीनवर रंग घट्ट होतो. दूध आटवल्यावर होतं ना, तसं."

खरं तर लॅपटॉप आपल्याकडे वळवून एकदा बघायचं, एवढंच काम होतं. पण तेवढं करणं म्हणजे यंत्रावर संशय घेणं, आणि तो संशय कौस्तुभनं आधीच घेऊन ठेवला होता. त्याच्या पंक्तीला जाऊन बसण्यापेक्षा बाईंनी मितेशला दाढी, चष्मा आणि सावळा रंग देऊन टाकला.

उन्नती दाराशी उभी होती. ती पुढे आली, बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोलवा त्यांना. भेटते मी."

घरातले सगळे तिच्याकडे बघत राहिले. आईच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. आशालताबाई परतताना स्कूटीवर गुणगुणत होत्या.

रविवारी ओळखीच्या एकाची व्हॅन घेऊन मंडळी निघाली. गाडी चालवायला कौस्तुभ, कारण नवऱ्यामुलाला चालवायला लावणं बरं दिसलं नसतं. राऊतांच्या अंगणात पोचल्यावर आशालताबाई, सुनंदाबाई आणि मितेश आत गेले. शत्रुघ्नरावांनी मितेशला नमस्कार केला, दाराजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिले. व्हॅन केळींच्या सावलीत लावून कौस्तुभ किल्ली फिरवत आत आला, तसे ते लगबगीनं पुढे झाले.

"या, या. असे मध्ये बसा."

मधली खुर्ची गादीची होती. कौस्तुभला वाटलं, गाडी चालवून दमलेल्या माणसाची निर्मळला फार किंमत असते. तो बसला. आजीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि समाधानानं मान हलवली. उन्नतीनं पोह्यांचा ट्रे आणला आणि पहिली बशी त्याच्यापुढे धरली. आशालताबाईंनी डोळ्यांनी मितेशकडे खूण केली, पण ती कुणी पाहिली नाही.

"मग, बँकेत कसं काय चाललंय?" शत्रुघ्नरावांनी विचारलं.

"बँकेत?" घास गिळत कौस्तुभ म्हणाला. "माझं नुसतं खातं आहे."

"नुसतं खातं म्हणजे? नोकरी सुटली?"

सुनंदाबाईंच्या हातातला चमचा बशीत पडला. "अहो, त्याला काय विचारताय? तो ड्रायव्हर आहे. माझा मुलगा तिकडे स्टुलावर बसलाय."

"ड्रायव्हर नाही, भाचा," कौस्तुभ म्हणाला.

सगळे मितेशकडे वळले. मितेश कधीच पोहे संपवून निवांत बसला होता. आपल्याकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर त्याला त्या घरात फारच मोकळं वाटू लागलं होतं. आता तो परत ताठ झाला.

"आमाला ह्योच दाखवला," आजीनं कौस्तुभकडे बोट केलं. "दाढीसकट."

आशालताबाईंनी पर्स उघडली. पुरावा जवळच होता. त्यांनी झाकण वर केलं, तोच फोटो उघडला, सर्वांसमक्ष अधिकचं बटण तितकंच दाबलं आणि या वेळी पहिल्यांदा स्वतःही पाहिलं. स्क्रीनभर कौस्तुभचं हसरं तोंड होतं. उजव्या कडेला मितेशचा एक कान.

शत्रुघ्नरावांनी त्या कानाकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"विरारहून आम्ही इथवर आलो, ते तुमच्या भाच्याची बडदास्त बघायला?" सुनंदाबाई उठल्या. "एवढीशी पाटी घेऊन फिरता आणि लोकांच्या मुलांचे कान दाखवता? चल रे मितेश."

"चूक झाली असेल तर माझी झाली," आशालताबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "मला काय बोलायचं ते बोला. लॅपटॉपला नावं ठेवू नका."

सुनंदाबाई मुलाला घेऊन रिक्षानं गेल्या. कौस्तुभ खुर्चीवरून उठला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा हा मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. "मी बाहेर गाडीत थांबतो," तो पुटपुटला.

"बस रे बाबा," बायजा आजी म्हणाली. "पोहे टाकून उटू नये."

उन्नतीनं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

पुढचे दिवस बाईंना जड गेले. अक्षता केंद्रात एक मुलगा दाखवून दुसराच नेतात, ही बातमी सुनंदाबाईंनी विरारपासून नायगावपर्यंत पोचवली. फोन थंडावला. ठरलेल्या दोन घरांनी 'सध्या घाई नाही' असं कळवलं. दिनानाथराव एका संध्याकाळी हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, युजीन बदलून देतोय का विचारून बघू."

"बदलायचा असेल तर आधी मला बदला," बाई म्हणाल्या. पण दिनानाथराव आत गेल्यावर बाई कितीतरी वेळ ती काळी पाटी मांडीवर घेऊन, न उघडता बसून होत्या.

आणि मग निर्मळहून फोन आला. शत्रुघ्नराव घसा खाकरत बोलत होते. "आशाताई, तो तुमचा ड्रायव्हर... म्हणजे भाचा. त्याचं कुठं ठरलंय का?"

त्याच दिवशी संध्याकाळी कौस्तुभ आला. दाढी नीट कोरलेली, शर्ट इस्त्रीचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मावशी, निर्मळला परत कधी जाणार आहेस? नाही, गाडी लागेल ना तुला, म्हणून विचारतो."

बाईंनी त्याला बराच वेळ तिष्ठत ठेवलं. मग म्हणाल्या, "मोठा लॅपटॉप घेतला असता ना, तर तुम्ही दोघंही दिसला असता, आणि तू अजून कुमारच राहिला असतास. आता म्हण खेळणं."

कौस्तुभनं 'लॅपटॉप' म्हटलं. तेही जरा मोठ्यानं.

सुनंदाबाईंचा राग निवल्यावर मितेशचंही पुढे बोळिंजच्या मुलीशी बाईंनीच जमवून दिलं. त्या वेळी फोटो त्यांनी त्याचा एकट्याचा काढला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

कौस्तुभचा साखरपुडा निर्मळलाच झाला. अंगठ्या घालून झाल्या, माणसं जेवायला वळली, तेव्हा उन्नती आशालताबाईंजवळ येऊन बसली.

"मावशी, एक सांगू? त्या दिवशी मला कळलं होतं."

"काय?"

"आधी दोघं दिसत होते. तुम्ही मोठं केलंत तसा फोटो एका बाजूला सरकला. तुम्ही वर्णन करत होतात ते शेजारच्याचं, हे मला लगेच कळलं. बटणांवरचा एक बाण दाबला असता तर ते मितेश आले असते समोर."

बाईंनी पर्स जवळ ओढली. "मग दाबला का नाहीस?"

"समोर होता तो बरा वाटला," उन्नती म्हणाली.

इतके दिवस ज्याच्या जोरावर बाई मिरवत होत्या, ते श्रेय असं एका वाक्यात पोरीनं काढून नेलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. "हे घरात कुणाला सांगू नकोस," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "लॅपटॉपचं नाव जाईल."

"नाही सांगणार. पण मावशी, खरं सांगू? तो खूपच लहान आहे हो."

"लहान कसला? तुझा नवरा दिसला ना त्यात?"

समोरून कौस्तुभ आजीला हाताला धरून पंगतीकडे नेत होता. उन्नती उठून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. पायात सपाट चपला असूनही ती त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं वर निघत होती. तिनं तिथूनच मान वळवली.

"दिसला की. फक्त उंची नाही दिसली."

"उंची बघायला अख्खा जन्म पडलाय," आशालताबाई म्हणाल्या, आणि पर्स काखेत घट्ट धरून जेवायला उठल्या.