सोफ्याला मानवणारी हवा

माणूस नश्वर आहे, याबद्दल आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. सोफासेटच्या बाबतीत मात्र हे मान्य करायला कोणतंही कुटुंब सहजासहजी तयार होत नाही.

चष्म्याच्या दुकानाचे मालक मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये आले, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. माणसं तिघंच होती, ती मावली. चष्मेवाले आणि त्यांची बायको आतल्या खोलीत, आणि तार खात्यातून निवृत्त झालेले त्यांचे वडील गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. (खोलीला उजेड भरपूर होता.) सामान मात्र मावेना. त्यात होता सोफासेट, जो खराब होईल म्हणून त्यावर कधी कोणाला बसू दिलं नव्हतं, किल्ली हरवलेलं सागवानी कपाट, आजवर फक्त ओले टॉवेल वाहिलेली व्यायामाची सायकल, ज्ञानकोशाचे खंड, आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ती लावायचं यंत्र भंगारात गेलं होतं, पण आठवणी कशा टाकणार?

सामान भाड्याच्या गोदामात ठेवायचं ठरलं. तिथे खोल्या दोन प्रकारच्या निघाल्या: साधी, आणि दुपटीहून जास्त भाड्याची तापमान-नियंत्रित.

"साध्या खोलीतही सामान राहतं, साहेब," गोदामाचा व्यवस्थापक म्हणाला आणि नातेवाइकांना बाहेर बोलावणाऱ्या डॉक्टरांसारखा थांबला. "राहतं, एवढंच म्हणेन मी."

"म्हणजे?"

"उकाडा. लाकूड आतून खचतं, वरून कळत नाही. चामडं तर बिचारं बोलतही नाही."

त्या संध्याकाळी घरात रीतसर बैठक झाली.

"अहो, इतक्या वर्षांचा सोफा," बायको म्हणाली. "त्याला असं उकाड्यात टाकायचं म्हणजे मन होत नाही हो."

"मी काय म्हणतो," बाबा म्हणाले, "त्याच पैशांत माझ्या खोलीत एखादा एसी…"

"बाबा, विजेचं बिल बघितलंय का तुम्ही? आणि तुम्हाला सवय आहे," चष्मेवाले म्हणाले. सोफ्याला सवय नव्हती. ठराव बहुमताने मंजूर झाला. बाबांचं मत आदरपूर्वक ऐकून घेण्यात आलं. (विचारविनिमयाचा नव्वद टक्के वेळ कॅसेटला दमट हवा बाधते का, यावर गेला.)

मग उन्हाळा आला. एका दुपारी बाबा पत्र्याखाली चक्कर येऊन पडले. चष्मेवाले दुकान उघडं टाकून धावत आले. वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन ते पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. पोटचा पोरगाच तो, कितीही झालं तरी.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "यांना थंड जागेत ठेवा."

ठेवायची थंड जागा कुटुंबाकडे होतीच. तिचं भाडंही भरलेलं होतं.

"जिवंत वस्तू ठेवता येत नाहीत, साहेब," व्यवस्थापक म्हणाला. "नियम आहे."

"ठेवत कुठे आहोत? ते सामानाची पाहणी करतील."

पाहणीला नियमात कमाल मुदत नव्हती. बाबा रोज सकाळी डबा घेऊन गोदामात जाऊ लागले आणि गोदाम बंद होईपर्यंत सोफ्यावर बसून पाहणी करू लागले. ज्ञानकोशाचा पहिला खंड त्यांनी संपवला. गालांवर रंग आला. समोरच्या खोलीत एक मावशी आपल्या शिलाई मशीनच्या पाहणीला येत. पलीकडे एक निवृत्त हेडमास्तर स्वतःच्या टेबलाची पाहणी करता करता घोरत. सगळ्यांच्या मुलांचं सामानावर फार प्रेम होतं.

कुटुंब निश्चिंत झालं. पण महिनाअखेरीस सूनबाई सामान बघायला गेली आणि दारातच थबकली.

"बाबा, सोफ्याला खड्डा पडलाय."

"मी बसतो ना तिथे," बाबांनी खुलासा केला.

"तेच म्हणतेय मी. एवढं भाडं भरून काय उपयोग मग?"

बाबा उठले आणि बसायच्या जागेवरून त्यांनी स्वतःच हात फिरवला. खड्डा गेला नाही. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी त्यांना प्लास्टिकची खुर्ची नेऊन दिली. सोफ्यावर पुन्हा चादर टाकताना त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. ते बाबांच्या नजरेला नजर देईनात.

"इथे थंड आहे ना, बाबा?"

"हो रे. छान आहे." बाबा खुर्चीत टेकले. "तू जा, दुकानात गिऱ्हाईक असेल."

चष्मेवाल्यांना हायसं वाटलं. बाबा तक्रार करत नव्हते, त्या अर्थी तक्रारीला जागा नव्हती. रात्री बाबा पत्र्याच्या खोलीत झोपायला येत, कारण पाहणी दिवसाच करता येते. आता सूनबाई मैत्रिणींना अभिमानाने सांगते की सासऱ्यांसाठी आम्ही खर्चाकडे बघितलं नाही. तिच्या शिफारशीवरून आणखी तीन कुटुंबांनी तापमान-नियंत्रित खोल्या घेतल्या आहेत आणि त्यात आधी सोफे पाठवले आहेत.

हे वाचून कोणाला हसू आलं असेल, तर त्यांनी एक छोटी पाहणी घरीच करावी. आपल्या घरातली सगळ्यात गरम खोली कोणती, हे जागेवरून न उठता सांगता येतं का, ते बघावं. सांगता येत नसेल, तरी काळजीचं कारण नाही. तिथे दुसरं कोणीतरी झोपतं.