बघून सांगा, घाई नाही

आमच्या घरच्या सत्यनारायणात गुरुजींनी तीर्थाची पळी पुढे केली तेव्हा सबनीसकाकांनी हाताची ओंजळ धरली आणि म्हणाले, "गुरुजी, एक शंका आहे."

गुरुजी म्हणजे आठवडाभर टेलिफोनची यंत्रं दुरुस्त करणारे आणि सुट्टीच्या दिवशी सोवळं नेसून पूजा सांगणारे एक इंजिनिअर. अमेरिकेत शंका विचारणारी माणसं त्यांना क्वचितच भेटत. ते खूश झाले. "विचारा की."

"तो रागीट पिचर. हॉल ऑफ फेममधला. एका नवख्या पोरानं त्याला होम रन मारला. त्या पोराच्या आयुष्यातला एकुलता एक. कोण तो पोरगा?"

तीर्थ पळीतच राहिलं.

"बघून सांगा," काका म्हणाले. "घाई नाही." आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या पार्सिपनी गावातली मराठी माणसं एकमेकांना भेटली की आधी विचारत, तुम्ही मूळचे कुठले? सबनीसकाका मात्र होम रनचं विचारत. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तो पिचर. त्याचा चेंडू कुणी थेट कुंपणापलीकडे भिरकावला की होम रन. आपला षटकारच समजा, फक्त फार दुर्मीळ. आणि थोर खेळाडूंचे पितळी मुखवटे जिथे भिंतीवर लावतात ते हॉल ऑफ फेम. त्या थोरांशी काकांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवे असत ते त्या थोरांसमोर खेळलेले साधे लोक. एखाद्या थोर पिचरला आयुष्यात एकदाच कुंपणापलीकडे मारलं आणि हिवाळ्यात पुन्हा फर्निचरच्या दुकानात कामाला लागले, असे. पिचरांची खरी नावं ते आमच्यापुढे घेत नसत. "तुम्हाला काय कळणार आहेत?" म्हणत. पिचरांची बारशी त्यांनी आपणच करून टाकली होती. डावरा, रागीट, लांब हाताचा, आणि एक नुसताच 'म्हातारा'.

गंमत म्हणजे काकांनी एकही सामना पाहिलेला नव्हता.

"अहो सबनीस, स्टेडियमवर तरी जा एकदा," बाबा म्हणायचे.

"कशाला? तीन तास उभं राहायचं, तोंडात काहीतरी चघळायचं आणि मध्येच थुंकायचं. त्याला खेळ नाही म्हणत, एसटी स्टँड म्हणतात."

प्रश्न विचारायचा आणि उत्तर न सांगता निघून जायचं, ही त्यांची पद्धत लोकांना जास्त छळायची. आमच्या शेजारच्या लीलामावशी म्हणत, "सबनीस भावजी आले की मी सरळ पुऱ्या तळायला घेते. उकळत्या तेलापाशी तरी कोणी काही विचारत नाही." एकदा काकांनी त्यांना तिथेही विचारलं. पुरी काळी झाली.

मी तेव्हा कॉलेजात होते. भारतात असताना माझी शाळा इंग्रजी, इथे आल्यावर सगळंच इंग्रजी. त्यामुळे मराठीत बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असायचा. इंग्रजीतही माझं फार बरं नव्हतं. लोकांशी बोलावं लागू नये म्हणून मी गावच्या लायब्ररीत पुस्तकं रचायची नोकरी धरली, आणि शनिवारी सबनीसकाका माझ्या वाट्याला आले.

ते बरोबर दहाला येत. रंगांच्या कंपनीत केमिस्ट होते. शनिवारीही टाय लावत. कानावर पेन्सिल, खिशात भिंग, आणि काखेत बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटं नव्हती, कार्डं होती. एका कार्डावर एक होम रन. जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्मची रिळं मी मशीनवर चढवून द्यायची आणि त्यांनी भिंग लावून बारीक अक्षरातले सामन्यांचे तक्ते वाचायचे.

"ग्रंथपालबाई, पुढचं रीळ."

"काका, मी ग्रंथपाल नाही. मी फक्त पुस्तकं लावते."

"होशील. घाई नाही."

त्या वर्षी तीन शनिवार ते डावऱ्याच्या मागावर होते. तिसऱ्या शनिवारी ते एकदम ओरडले, "सापडला!" मुख्य ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. काकांनी टायचं टोक तोंडावर धरलं आणि मला खुणेनं बोलावलं.

एक राखीव कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर. महिनाभरच मोठ्या संघात होता. डावऱ्याचा चेंडू त्यानं मारला, पण तो कुंपणापलीकडे गेल्याचं त्याला कळलंच नाही. होम रन मारणारे लोक नंतर रमतगमत धावतात म्हणे. हा बिचारा मान खाली घालून, कुत्रं मागे लागल्यासारखा पळाला. इतका की पुढे पळणाऱ्या आपल्याच गड्याला मागे टाकायला निघाला. सगळं स्टेडियम हसत होतं, असं बातमीदारानं लिहिलं होतं.

काकांनी ती बातमी पुन्हा एकदा वाचली. मग कार्ड लिहिलं, त्यावर फुंकर घातली आणि म्हणाले, "हा मिलिंदसाठी ठेवायचा."

मिलिंद त्यांचा मुलगा. इथेच जन्मलेला, सव्वीस वर्षांचा, कॅलिफोर्नियात नोकरीला. मला वाटलं, मुलगा येणार म्हणून लाडू राखून ठेवतात तसंच हे.

ऑक्टोबरात तो आला. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांचं श्राद्ध होतं. गुरुजी आले, चार घरची माणसं जेवली, आणि नंतर स्वयंपाकघरात मी ताटं धुवत होते आणि मिलिंद पुसत होता.

"इज ही स्टिल बॉदरिंग यू अ‍ॅट द लायब्ररी?" त्यानं विचारलं.

अनोळखी मुलाशी बोलायला मला एरवी काही सुचत नाही. त्या दिवशी आयता विषय मिळाला. मी डावरा सांगितला, राखीव कॅचर सांगितला, त्याचं नाव सांगितलं, कुत्रं मागे लागल्यासारखं धावणं सांगितलं. एका दमात, न अडखळता. मिलिंदच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"दॅट्स अ गुड वन," तो म्हणाला. "रिअली गुड."

पुढचे दोन दिवस मी स्वतःवर खूश होते.

शनिवारी काका आले. मिलिंद परत गेला होता. मी म्हटलं, "काका, विचारलंत का त्याला डावऱ्याचं?"

"छे! समोर होता की तो. समोर असताना कशाला विचारायचं?"

मला कळलं नाही. त्यांना ते दिसलं असावं. भिंग पुसत पुसत ते बोलायला लागले.

"तुझी काकू होती तेव्हा दर रविवारी फोनवर तीच बोलायची. मी आपला मागून ओरडायचो, गाडीचं ऑइल बदललं का विचार त्याला. ती गेली आणि रिसीव्हर माझ्या हातात आला. मी विचारलं, ऑइल बदललंस का? तो म्हणाला, येस. झालं. पुढे काय बोलायचं असतं गं?"

मी रिळाची रिकामी डबी बंद केली.

"लहानपणी जेवताना बेसबॉलचे आकडे सांगत बसायचा. मी म्हणायचो, आधी जेव. आता मीच शोधतो आणि रविवारी फोनवर त्याला विचारतो. पण पोरगा हुशार. उत्तर आलं की दोन मिनिटांत फोन संपतो. 'ओके बाबा, टेक केअर.' नाही आलं, तर त्याला बघावं लागतं. मग तो मधल्या वारी उलट फोन करतो." काकांनी भिंग खिशात ठेवलं. "गेल्या वर्षभरात दोनदाच अडकला. पण हा नाही यायचा त्याला. उद्या अकराला ये तू. चहा करतो. तीन शनिवार तूही खपलीस."

मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. 'काका, माझी एक चूक झाली.' ते जुळलं तेव्हा काका पडद्यावरचा तक्ता वाचत होते.

रविवारी मी गेले. काकांनी घरातही टाय लावला होता. चहात आलं इतकं की डोळ्यांत पाणी यावं. भिंतीवरच्या फोनशेजारी काकूंच्या अक्षरातला नंबरांचा कागद अजून चिकटवलेला होता. काकांना कमी ऐकू यायचं म्हणून रिसीव्हरचा आवाज मोठा करून घेतलेला होता, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येई.

"मिलिंद? ऑइल बदललंस का?"

"येस, बाबा."

"हं." काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "एक प्रश्न आहे." आणि त्यांनी तो विचारला. सावकाश, एकेक शब्द मोकळा करून.

मी चहावरची साय बघत होते. आता तो नाव सांगेल. मग 'टेक केअर'. मग काका रिसीव्हर ठेवतील आणि मला सांगावं लागेल की का.

"द लेफ्टी?" मिलिंदनं विचारलं.

"डावरा. हो."

"अँड अ बॅकअप कॅचर."

"राखीव. हो."

पलीकडे पाणी उकळल्याचा आवाज येत होता.

"नो आयडिया, बाबा," मिलिंद म्हणाला. मग त्याच्या जड, इंग्रजी वळणाच्या मराठीत, "बघून सांगतो."

काकांनी फोनवर तळहात दाबला आणि मला कुजबुजत म्हणाले, "अडकला!" मग हात काढून मोठ्यानं, "घाई नाही रे! सावकाश बघ."

बुधवारी गुरुजींकडे भजन होतं. काका आले नाहीत. बाबांनी बोलवायला फोन केला तर म्हणाले, "लाइन अडवू नका, फोन यायचाय," आणि ठेवून दिला.

शनिवारी दहाला ते आले. डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"आला होता बुधवारी. चाळीस मिनिटं बोलला."

"मग? सापडला का त्याला?"

"कुठला! चुकीचं नाव सांगितलं. भलत्याच माणसाचं. एवढा हुशार मुलगा, आणि कुठे वाचलं कोण जाणे. मी म्हटलं, चूक. परत बघ." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "आणि मध्येच काय विचारावं? आईच्या आमटीत गूळ आधी घालायचा की नंतर. मला काय ठाऊक? म्हटलं, विचारून सांगतो. आता मला त्याला फोन करावा लागणार. तुझ्या आईला येत असेल ना तसली आमटी?"

"विचारते," मी म्हटलं.

"घाई नाही. रविवारपर्यंत विचार." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आणि ग्रंथपालबाई, आज अशा गप्प का?"

"काही नाही, काका," मी म्हटलं, आणि नवं रीळ मशीनवर चढवलं.