सातव्या प्रश्नाचा अडथळा

खुर्ची मागे झुकते, पण झुकवू नये.

मांजराला ताप आल्यास पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यावी.

बिस्किटे चाचणी पूर्ण झाल्यावर.

आरशात पाहून केस सारखे करू नयेत. पलीकडे माणसे बसली आहेत.

ज्याला बोलता येत नाही अशा रोग्यावर उपचार करणे अवघड, हे सर्वमान्य आहे. ज्याला बोलता येते त्याचे ऐकून घेणे त्याहून अवघड, हे मात्र अजून कुठल्या अभ्यासक्रमात आलेले नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिले काम वीस वर्षे केले होते. गायी, घोडे, पोपट, आणि एकदा एक कासव (मालक फार घाईत होता). दुसऱ्या कामात त्या रोगी म्हणून गेल्या. जनावरांच्या डॉक्टरांसाठी नवे ऑनलाइन प्रशिक्षण तयार झाले होते. ते वापरायला सोपे आहे की नाही हे पाहायला कंपनीला खरेखुरे डॉक्टर हवे होते. बाई गेल्या त्याला कारण होते. त्यांची भाची नुकतीच डॉक्टर झाली होती आणि पहिल्या तुकडीत हेच प्रशिक्षण घेणार होती. पोरीच्या पदरात काय पडणार आहे ते आधी डोळ्यांखालून घालावे, एवढाच हेतू.

खोलीत एक संगणक, भिंतभर आरसा, प्लॅस्टिकचे झाड आणि हात पुरणार नाही अशा बेताने ठेवलेली बिस्किटांची बशी होती. शेजारी एक मऊ आवाजाचा गृहस्थ बसला होता. बाईंनी मनातल्या मनात त्याचे नाव गोडबोल्या ठेवले.

"परीक्षा तुमची नाही हं, सॉफ्टवेअरची आहे," तो म्हणाला. "अगदी निवांत बसा. काही होणार नाही."

बाई सावरून बसल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पाठीमागे सुई लपवून त्या स्वतः याच आवाजात बोलत असत. (एका कुत्र्याने त्यावर विश्वास ठेवला होता. दुसऱ्या खेपेला त्याला कपाटाखालून ओढून काढावे लागले.)

नियम एकच होता: मनात येईल ते मोठ्याने बोलायचे. ही पद्धत शास्त्रीय आहे. आरशापलीकडची माणसे सगळे टिपून घेतात. बोलणे नव्हे, कपाळ. आठी पडली की 'अडथळा', न पडली की 'समाधान'. जांभई आली तर 'सहजता'.

सुरुवात बरी झाली. पडद्यावरच्या गायीला थर्मामीटर लावायचा होता. बाईंनी तो वीस वर्षांच्या सवयीने योग्य जागी नेला, तर संगणकाने परत पाठवला. त्याला तो तोंडात हवा होता. बाईंनी तोंडात दिला. खरी गाय तो चावून टाकते, पण ही चित्रातली, आणि स्वभावाने गरीब दिसत होती.

मग सातवा प्रश्न आला. तापलेल्या मांजराला काय द्याल? बाईंनी 'गोळी न देता तपासणी' निवडले. लाल फुली. पुन्हा तेच निवडले. पुन्हा फुली, आणि खाली धीराचे दोन शब्द: प्रयत्न सोडू नका. संगणकाच्या मते बरोबर उत्तर होते पॅरासिटामॉलची अर्धी गोळी.

बाई मोठ्याने बोलल्या. नियमच तो होता.

"अहो, या गोळीनं मांजर मरेल."

"छान," गोडबोल्या म्हणाला. "आणि हे म्हणताना बटणाच्या रंगाबद्दल काय वाटलं?"

"रंग राहू द्या. उत्तर चुकीचं आहे."

"म्हणजे उत्तर सापडायला अवघड गेलं."

"सापडलं. चुकीचं आहे."

"अवघड गेलं," असे म्हणत त्याने लिहून घेतले.

मग त्याने समजावून सांगितले, की मजकूर हा विभाग वेगळा. त्या विभागाने मजकूर काटेकोरपणे तपासून पाठवला होता. (खरेच तपासला होता. पॅरासिटामॉलमधला 'मॉ' बिनचूक होता.) उत्तर चुकीचे वाटत असेल तर शेवटच्या पानावर तसे कळवण्याची सोय होती. फक्त शेवटचे पान सातव्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय उघडत नव्हते. थोडक्यात, मांजर वाचवायचे तर आधी त्याला गोळी देणे भाग होते.

बाईंनी मांजराची मनोमन माफी मागितली आणि गोळी दिली. पडद्यावर फुलांचा पाऊस पडला. शेवटच्या पानावर लिहायला जागा नव्हती. पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. बाईंनी रडका दाबला. (नोंद: वापरकर्ती भावुक झाली.) गोडबोल्याने बशी पुढे सरकवली. बाईंनी एक बिस्कीट घेतले आणि खाल्लेही. सुई टोचल्यावर खाऊ द्यायची ही पद्धत गुण देते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार.

यथावकाश अहवाल तयार झाला. दहापैकी नऊ डॉक्टर सातव्या प्रश्नाशी अडखळले होते (दहावे चहा पीत होते). इतके जाणते लोक एकाच जागी ठेचकाळतात, त्या अर्थी दगड तिथे आहे, हे उघड होते. दगड काढण्यात आला. म्हणजे असे, की अर्ध्या गोळीचे बटण मोठे केले, हिरवे केले आणि आधीपासूनच निवडून ठेवले. दुसऱ्या फेरीत कोणीही अडखळले नाही. शेवटच्या पानावर एक ओळ वाढली: अनुभवी पशुवैद्यकांनी तपासलेले.

बाईंनी कंपनीला तीन पत्रे धाडली. तिन्हींना उत्तर आले, की प्रतिसादाबद्दल आभार. चौथे लिहून होत आले तोच भाचीचा फोन आला. "मावशी, पैकीच्या पैकी."

बाईंनी पेन खाली ठेवले. "मांजराला ताप आला तर काय देशील?"

"कुठलं मांजर?"

"सातव्या प्रश्नातलं."

"तिथे मांजर होतं? मला फक्त हिरवं बटण दिसलं. आणि तुझ्यासारख्यांनी तपासलंय म्हटल्यावर मी कशाला वाचत बसू? मांजर आलंच तर तुला विचारेन."

बाईंचा जीव भांड्यात पडला. समस्त मांजरांचे प्राण आता एकाच गोष्टीवर टांगलेले होते: कोणीही काहीही वाचत नाही. चौथ्या पत्रात 'प्रशिक्षणार्थींनी मजकूर लक्षपूर्वक वाचावा' अशी कळकळीची विनंती होती. ते पत्र बाईंनी फाडून टाकले.

तुम्ही मात्र वाचणारे. तुमच्यासाठी ती गोळी अगदी वर, खुर्ची आणि बिस्किटे यांच्या मधोमध, उघड्यावर ठेवली होती. तुम्ही तिच्यावरून पुढे गेलात. कपाळावर आठी नाही. नोंद झाली: समाधान.

पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.