पत्ता आधी, दुःख नंतर

तात्या परबांनी आपल्या खिडकीचे पल्ले का काढून टाकले होते, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. लालबागच्या आमच्या चाळीत प्रत्येक खोलीला एक दार आणि सामाईक गॅलरीवर उघडणारी एक खिडकी होती. गॅलरीतून दिवसभर माणसांची ये-जा, आणि आत एका खोलीत मावलेला सगळा संसार. त्यामुळे खिडकीचे पल्ले म्हणजे घराची पापणीच म्हणायची. तात्यांनी मात्र दोन्ही पल्ले बिजागऱ्यांसकट उचकटून माळ्यावर टाकले होते. पावसाळ्यात ते तिथे मेणकापड बांधत. एरवी ती खिडकी उघडीच असे.

आणि त्या उघड्या खिडकीत, रोज दिवेलागणीच्या सुमारास, तात्या म्युनिसिपालिटीचे कारकून होऊन बसत.

हे नीट समजावून सांगितले पाहिजे. तात्या मूळचे गिरणीत साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, कामगार. संपानंतर त्यांची गिरणी पूर्वीसारखी सुरू झाली नाही, आणि जेवढी झाली तिच्यात तात्यांना जागा मिळाली नाही. तेव्हापासून ते मसाला कुटण्याच्या एका दुकानात कामाला होते. चाळीत कोणालाही वॉर्ड ऑफिसात काम निघाले, नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले, जन्माचा दाखला हवा, मुलाला लस टोचायची राहिली, की ते माणूस आधी तात्यांच्या खिडकीसमोर उभे राहून तालीम करी. तात्या खिडकीच्या आत कारकून, माणूस गॅलरीत अर्जदार. कारकून होण्यासाठी तात्या कानावर पेन अडकवत आणि नंबर नसलेला चष्मा लावत. कपड्यांना मिरचीचा वास येत असल्यामुळे रांगेतली माणसे शिंकत असत. "शिंकायचं ते बाहेर," असे तात्या चष्म्यावरून बघत सांगत. बाहेर म्हणजे कुठे, हे कोणी विचारले नाही, कारण रांग बाहेरच होती.

त्यांची शिकवण एका वाक्यात सांगता येईल : पत्ता आधी, दुःख नंतर.

"चाळ कुठली, मजला कुठला, नळ कुठल्या बाजूचा, हे आधी," तात्या समजावत. "सासू आजारी, नवरा कामावरून सुटला, हे सगळं खरं आहे. पण कारकुनाला माणूस पाठवायचा असतो. दुःखाच्या घरी माणूस पाठवता येत नाही. पत्त्यावर पाठवता येतो."

म्युनिसिपालिटीला ते आत्या म्हणत. यामागेही विचार होता. "जन्मलेल्या पोराचं नाव कोण ठेवतं? आत्या. आणि शहरात जन्मलेल्या पोराची नोंद कोण ठेवतं? मग झाली की नाही ती आपली आत्या? आत्या कधी नाही म्हणत नाही. फक्त तिला थोडं रागवू द्यायचं, मान द्यायचा, आणि निघताना 'पुढं कधी येऊ' हे विचारायचं. न विचारता उठलात तर आत्या विसरते."

आमच्या मजल्यावर शेवंतामावशी राहत. मासळी विकत, आणि मालवणीखेरीज दुसरे काही बोलत नसत. त्यांच्या मोरीमागचे गटार तुंबले तेव्हाची तालीम मी स्वतः पाहिली आहे.

"काय पाहिजे?" तात्यांनी मान वर न करता विचारले.

"गटार तुंबला हा रे मेल्या. तुका वास येणा नाय?"

"वास येतो का, हे कचेरीला विचारू नका. कुठलं गटार?"

"ह्या काय, तुझ्या पाठी!"

"बाजूला व्हा. पुढचा कोण?"

शेवंतामावशींनी तात्यांच्या मागच्या पिढ्यांचा उल्लेख केला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी चाळीचे नाव, मजला आणि मोरीची बाजू एका श्वासात सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या खऱ्या कचेरीत जाऊन आल्या, त्या फुरंगटूनच.

"तो काय्येक बोलाक नाय," त्या म्हणाल्या. "बसा म्हणालो, लिवन घेतल्यान, झाला. माझी सगळी तयारी फुकट."

ही तक्रार एकट्या त्यांची नव्हती. खरा कारकून तात्यांइतका कठोर कधीच निघत नसे. तात्या तर तालमीच्या मध्येच 'जेवणाची सुट्टी' जाहीर करत आणि खिडकीतच ताट घेऊन जेवायला बसत. समोर रांग तशीच उभी. त्यांचे जेवण इंदूवहिनींकडून येई. या वहिनी पूर्वी गिरणीकामगारांची खाणावळ चालवत. संपानंतर जेवणारे गावी पांगले, तेव्हा तात्या आणि आणखी दोघेतिघे उरले होते. एकदा वहिनी स्वतःच रांगेत उभ्या होत्या.

"तात्या, आमटी मी दिलेली, आणि ती खाताना मलाच थांबवता?"

"कचेरीत ओळख चालत नाही, वहिनी," तात्या म्हणाले, आणि भुरका मारला.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. असल्या नाटकापेक्षा नीट लिहिलेल्या माहितीवर माझा विश्वास. म्हणून मी जिन्याखाली एक फळा लावला आणि कोणत्या कामासाठी कोणते खाते, सोबत कोणते कागद, कचेरीची वेळ काय, हे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले. फळ्याखाली लोक सायकली लावू लागले. मी तात्यांना विचारले, की यात चूक काय आहे?

"चूक काहीच नाही, बाई. तुमचा फळा अगदी बरोबर आहे. पण फळा कुणावर खेकसत नाही. माणूस कामाला भीत नाही, खेकसण्याला भितो. ते एकदा इथं होऊन गेलं की तिथं भीती राहत नाही."

शिकवण्याचा हा मार्ग अध्यापनाच्या अभ्यासक्रमात मला कोणी सांगितला नव्हता. मी फळा उतरवला नाही, पण त्याविषयी बोलणे बंद केले.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. तात्या लोकांबरोबर कचेरीपर्यंत जात, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर थांबत. आत कधीच जात नसत. विचारले तर म्हणत, "मी आत आलो तर लोक माझ्याकडं बघतील, आत्याकडं नाही." हे उत्तर मला शिक्षिका म्हणून पटलेही होते.

त्यानंतर त्यांच्याच घरचे काम निघाले.

तात्यांची बायको आणि मुलगी कणकवलीजवळच्या गावी होती. मुलगी जन्मली इथल्या म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात. तिच्या मागोमाग संप आला. घरात चूल पेटण्याची शाश्वती राहिली नाही, तेव्हा तात्यांनी बाळंतिणीला गावी पोहोचवले आणि स्वतः परत आले. बारसे गावी झाले. तात्यांच्या बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितले. तात्या तेव्हा इथे गिरणीच्या फाटकावर उभे होते. कचेरीतल्या नोंदीत मुलीची जन्मवेळ होती, आईबापांची नावे होती, आणि नावाची जागा कोरी होती. पुढे तात्या गणपतीला गावी जात, मुलीला 'बाय' म्हणून हाक मारत आणि परत येत. मुलगी शाळेच्या वयाची झाली.

उन्हाळ्यात गावाहून आलेल्या एका माणसाने तात्यांच्या बायकोचा निरोप आणला. तो गॅलरीत सगळ्यांसमोर सांगितला गेल्यामुळे सगळ्यांनाच ठाऊक होता : "जूनमध्ये लालबागच्या शाळेत घालणार असाल तर आम्ही येतो. नाहीतर इथल्या शाळेत नाव घालते. मग शाळा संपेपर्यंत आम्ही इथेच."

लालबागची शाळा म्हणजे माझीच. मुख्याध्यापिकांना नावासह जन्माचा दाखला हवा असे. मी तात्यांना तसे सांगितले. काम सोपे होते. तात्यांनी याच कामाची तालीम कितीतरी आयांकडून करून घेतली होती.

"उद्या जातो," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात मिरची जास्त आली. त्यानंतर चष्मा सापडला नाही. त्यानंतर त्यांना वाटले, कारकून रजेवर असेल. मे महिना निम्मा सरला. संध्याकाळी ते खिडकीत बसत, दुसऱ्यांना बाजूला व्हायला सांगत, आणि त्यांची स्वतःची मुलगी गावाकडच्या शाळेच्या दिशेने रोज थोडी पुढे सरकत होती.

तात्या कचेरीत जायचे का टाळतात, हे मी इंदूवहिनींना विचारले. त्या ताट घासता घासता बोलल्या.

"गिरणी थोडी चालू झाली ना बाई, तेव्हा तात्या गेले होते विचारायला. फाटकाजवळ खिडकी होती. यांनी नाव सांगितलं, खातं सांगितलं. आतल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, आणि खिडकी लावून घेतली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तोंडावर पल्ले लागले. हे उभे राहिले तसेच. घरी आले, जेवले नाहीत, आणि स्क्रू-ड्रायव्हर मागायला माझ्याकडे आले."

"स्क्रू-ड्रायव्हर कशाला?"

"बिजागऱ्या काढायला," वहिनी म्हणाल्या आणि ताट पालथे घातले.

त्या संध्याकाळी तात्या दुकानातून परतले, तेव्हा त्यांच्या खिडकीत शेवंतामावशी बसलेल्या होत्या. खोलीची किल्ली इंदूवहिनींकडे असे. मावशींच्या कानावर पेन होते आणि नाकावर तो हरवलेला चष्मा. गॅलरीत रांग लागलेली होती. मीही त्या रांगेत होते.

"हे काय?" तात्यांनी विचारले.

"रांगेत ये," मावशी म्हणाल्या.

तात्या थोडे हसले, मग रांगेत आले. त्यांची पाळी आली.

"काय होया?"

तात्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. गॅलरीत कोणी हसले नाही.

"बाजूक हो," मावशी म्हणाल्या. "फुडचो कोण?"

तात्या मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेले. पुन्हा पाळी आली, पुन्हा तसेच झाले. त्यानंतरच्या खेपेला ते खिडकीचा गज धरून म्हणाले, "संप होता हो. बाळ लहान होतं. मला जाता आलं नाही..."

"पत्तो आधी, तात्या," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज कारकुनाचा राहिला नव्हता.

तात्यांनी पत्ता सांगितला.

सोमवारी आम्ही तिघे कचेरीत गेलो : तात्या, मावशी आणि मी. टपरीजवळ तात्यांची चाल मंदावली. मावशींनी त्यांचे कोपर धरले आणि सोडले नाही. जन्मनोंदीच्या खिडकीत मध्यम वयाच्या एक बाई होत्या. तात्यांनी पत्ता सांगितला, प्रसूतिगृह सांगितले, स्वतःचे आणि बायकोचे नाव सांगितले. सगळे क्रमाने, एकही शब्द न चुकता. बाईंनी जाड नोंदवही काढून पान शोधले.

"सापडलं. मुलीचं नाव काय लिहू?"

तात्या खाली वाकले. खिडकीच्या फटीपाशी तोंड नेऊन ते काहीतरी कुजबुजले. शेजारी उभ्या असलेल्या मलाही ते ऐकू आले नाही.

"भाऊ, मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या. "पंख्याचा आवाज आहे."

वाकलेली पाठ समोर, कोणीतरी नाव कुजबुजलेले. शेवंतामावशींनी आयुष्यात किती बारशी पाहिली असतील कोण जाणे. त्यांचा हात आपोआप उठला आणि तात्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला.

"दर्शना," तात्या म्हणाले. सगळ्या कचेरीने ऐकले.

बाईंनी नाव लिहिले. खिडकी उघडीच होती. तात्या मागे वळले, दोन पावले चालले, आणि परत गेले.

"पुढं कधी येऊ?" त्यांनी विचारले.

जूनमध्ये दर्शना परब माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसली. तिच्या आईने आल्या दिवशीच खिडकी पाहून कपाळाला हात लावला आणि पल्ले मागितले. बरीच बोलणी होऊन एक पल्ला बसला. दुसरा माळ्यावर राहिला. अर्ध्या खिडकीत तात्या पुढेही बसत आले, फक्त जेवणाची सुट्टी घरातून ठरू लागली.

मला सापडलेले उत्तर एवढेच आहे. तात्यांना मी ते कधी विचारून पडताळले नाही, त्यामुळे ते पूर्ण असेल असा माझा दावा नाही. कागद आणि वेळाही बदलत असतात. माझ्या फळ्यावरच्या तर केव्हाच जुन्या झाल्या. म्हणून वाचकांना विनंती, की माझ्या शब्दावर विसंबू नये. काम असेल तर आपल्या वॉर्डाच्या कचेरीत स्वतः जावे, पत्ता आधी सांगावा, आणि आतले माणूस खरोखर खेकसते का, ते आपल्या कानांनी ऐकावे.