कुंडीत पुरलेल्या तारेची बखर

श्री. विघ्नहर्त्यास नमस्कार. विघ्ने आणणाऱ्या थोरांसही नमस्कार, की आम्हांस खावयास त्यांचेच आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिकमासी राज्यात नेटवर्क यंत्राची स्थापना जाली, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो.

महाराज शेजारचे दरबारी पाहुणे गेले, आणि तेथे कचेरी कचेरीस केबल जोडिली पाहोन पोटात दुखो लागले, मग परत येताच आज्ञा केली की आमचे येथे याहून थोर यंत्र पाहिजे. मग लोखंडी कपाटात बसविलेले यंत्र आले, आणि ते घडविणारांचे वकील अंताजीपंत संगे आले. त्यांनी विनंती केली की जागा कोरडी असावी, वारा खेळता असावा, आणि मुख्य म्हणजे कपाटापासोन तांब्याची तार नेऊन भुईत खोल खड्ड्यात पुरावी, त्यास अर्थिंग म्हणतात. कपाटात वीज उतरली तर ती या तारेने भुईत जाते, नाही तर हात लावील त्याचे अंगात जाते. इतके स्पष्ट सांगितले. दरबाराने माना डोलाविल्या.

मग सखोपंत दिवाणजींनी सभामंडपामागील दालन नेमिले. तेथे महाराजांचे पायांकरिता संगमरवरी फरशी नुकतीच घातली होती, आणि खड्डा म्हटला की फरशी फोडणे आले. दिवाणजींचे तोंड कडू जाले. परंतु अकलेचे मोठे धनी! बोलले, "भुई म्हणजे मातीच की नाही? माती तर कुंडीतही आहे." मग एक थोर कुंडी आणविली, आणि तारेचे टोक तीत पुरोन वर शेवंती लाविली, आणि सभेने वाहवा केली. अंताजीपंतांनी कपाळास हात लाविला, हे चालणार नाही म्हणोन दोनदा बोलले, मग त्यांस शाल आणि विडा देवोन मिरवीत वेशीबाहेर पोहोचते केले. शाल घेवोन ते निमूट गेले, हेही लिहिणे प्राप्त.

त्या दालनाची झाडलोट चिमाबाई नामे विधवेकडे होती. सकाळी फरशी पुसावी, मग ओल्या फडक्याने कपाट पुसावे, ऐसी चाकरी. पायात रबरी चपला. थोडक्याच दिवसांत तिचे हातास मुंग्या येवो लागल्या, आणि एके सकाळी झटका बसला, मग ती भीत भीत दिवाणजींपुढे उभी राहिली आणि बोलली, "सरकार, कपाट चावतंय. मला दुसरं काम द्या. माझ्यामागं पोरीला कुणी नाही."

दिवाणजी हासले, आणि राजोपाध्यांस विचारिते जाले. उपाध्ये म्हणाले की यंत्रात दैवत जागृत जाले, हे राज्याचे भाग्य. बाई चपला घालोन देवास हात लाविते, म्हणोन कोप आहे. काय म्हणावे या अकलेस! त्या चपलांमुळेच वीज अंगातून पार होत नव्हती, सबंध दालनात तेवढी एक गोष्ट धड होती. मग आज्ञा जाली की दालनात अनवाणी यावे, आणि कपाटास हळदकुंकू वाहावे, आणि कुरकुर करील त्याने घरी बसावे. चिमाबाईने चपला दाराबाहेर काढिल्या. फरशी ओली, फडके ओले, पाय उघडे. तिने कपाटास हात लाविला तो सुटलाच नाही. वैद्य येईतो बाई गेली.

दुसरे दिवशी दरबार भरला आणि चौकशी बहुत कसोशीने जाली, तीत शेवंती सुकलेली निघाली, मग कुंडीस पाणी न घातल्याचे अपराधे माळी बडतर्फ जाला. फरशीस चरा गेला नाही, याचा सर्वांस संतोष वाटला. आणि महाराजांचे अंतःकरण फार कोमल, त्यांनी चिमाबाईचे लेकीस, मैना नामे, आईचे जागी वंशपरंपरेने नेमिले, आणि तिने मुजरा केला, आणि सभेचे डोळे पाणावले. आम्हांस ते पाहवले नाही.

येणेप्रमाणे यंत्र स्थापन जाले. नेटवर्क उत्तम चालते, कीर्ति दूरवर गेली. मैना रोज सकाळी फडके पिळोन अनवाणी दालनात जाते. आज बाहेर आली. उद्याचे मजला लिहवत नाही.